रूपांतरित सीएनसी मिलिंग मशीनवर स्पिंडल एन्कोडर बसवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साकीनाका, भांडुप, वागळे इस्टेट, वसई या पट्ट्यातल्या गाळ्यांमध्ये जुन्या हातमशीनला बॉलस्क्रू आणि मोटरी बसवून ती सीएनसी करण्याचे काम आता नवलाईचे राहिलेले नाही. तिन्ही अक्ष नीट चालू लागले की मालकाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : यावर टॅपिंग, म्हणजे भोकात आटे पाडणे, होईल का? ते नीट व्हायचे तर स्पिंडल (हत्यार धरून फिरवणारा भाग) किती आणि कोणत्या दिशेला फिरले हे कंट्रोलरला सांगणारा एन्कोडर लागतो. खालील प्रश्नोत्तरे त्या टप्प्यावर असलेल्यांसाठी आहेत. स्पिंडलला साधी तीन फेजची मोटर व व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) आहे आणि नियंत्रणासाठी लिनक्ससीएनसी हे सॉफ्टवेअर वापरले आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

एन्कोडर नसेल तर नेमके काय अडते?

मिलिंग, ड्रिलिंग, बोरिंग यांपैकी काहीही अडत नाही. अडते ते आटे पाडताना. एम८ (८ मिमी व्यासाच्या) टॅपची पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, १.२५ मिमी असते. म्हणजे स्पिंडल मिनिटाला ४०० फेरे घेत असेल, तर झेड (वरखाली सरकणारा) अक्ष मिनिटाला बरोबर ५०० मिमी उतरला पाहिजे. अडचण अशी की ४०० हा आकडा आपण व्हीएफडीला सांगितलेला असतो, स्पिंडलने पाळलेला नसतो. चार पोलच्या मोटरचा ५० हर्ट्झवरचा सैद्धांतिक वेग १५०० असला तरी तिच्या नावपट्टीवर १४२० किंवा १४४० लिहिलेले असते, ते याच कारणाने. आणि हा फरक (स्लिप) भारानुसार बदलतो. वेग चार टक्क्यांनी घटला, तर २० मिमी खोलीत झेड जवळजवळ ०.८ मिमी पुढे निघून जातो आणि तेवढा दाब टॅपच्या आट्यांवर येतो. शिवाय तळाशी स्पिंडल उलटे फिरू लागते तो क्षण कंट्रोलरला कळतच नाही.

हा फरक स्वतःत सामावून घेणारा, वरखाली सरकणारा टॅपिंग होल्डर बाजारात मिळतो. दिवसाकाठी मोजकीच भोके टॅप करायची असतील तर तो होल्डर घेऊन हा विषय येथेच संपवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. भोके शेकड्यांनी असतील, खोली नेमकी हवी असेल किंवा ब्लाइंड होल (आरपार नसलेली भोके) असतील, तरच पुढे वाचावे.

कोणताही कंट्रोलर हे करू शकतो का?

नाही. माक३ सारख्या नियंत्रण प्रणालीत इंडेक्सचा, म्हणजे दर फेरीला एकदाच येणारा, पल्स घेण्याची सोय आहे, परंतु ती मुख्यतः लेथवरच्या आट्यांसाठी आहे. स्पिंडलच्या प्रत्येक अंशाबरोबर झेडला बांधून ठेवणे तिला जमत नाही. लिनक्ससीएनसीमध्ये जी३३.१ ही आज्ञा नेमकी यासाठीच आहे. तिथेही जी८४ आणि जी३३.१ यांची गल्लत करू नये, कारण जी८४ हे सरकत्या होल्डरसाठीचे चक्र आहे आणि ते एन्कोडरकडे पाहत नाही. फॅनुकवर काम केलेल्या ऑपरेटरला एम२९ नंतर जी८४ लिहिण्याची सवय असते. त्याला हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

दुसरा मुद्दा हार्डवेअरचा. संगणकाच्या पॅरलल पोर्टवरून एन्कोडर वाचला, तर मोजणी सॉफ्टवेअरला करावी लागते. सॉफ्टवेअर ५० मायक्रोसेकंदांनी एकदा पोर्टकडे पाहत असेल, तर सेकंदाला २०,००० पेक्षा जास्त काउंट त्याच्या हाती लागणे शक्यच नाही, आणि व्यवहारात ही मर्यादा आणखी खाली असते. एका फेरीला १०० पल्स देणारा एन्कोडर मिनिटाला ३००० फेऱ्यांवर (दर पल्सला चार काउंट धरून) नेमके तेवढेच काउंट देतो. शिवाय इंडेक्सचा पल्स अतिशय अरुंद असतो : १०२४ पल्सच्या एन्कोडरवर ३००० फेऱ्यांना तो साधारण २० मायक्रोसेकंदच टिकतो, त्यामुळे सॉफ्टवेअरची नजर तिकडे जाण्याआधीच तो निघून गेलेला असतो. म्हणून मेसासारखे, मोजणी हार्डवेअरमध्ये करणारे कार्ड घ्यावे. मेसाच्या ७आय७६ई या कार्डावर स्पिंडल एन्कोडरसाठी एक इनपुट तयारच असते.

एन्कोडर किती पल्सचा घ्यावा? जास्त पल्स म्हणजे जास्त अचूकता ना?

हा समज इतका घट्ट रुजलेला आहे की त्याचे उत्तर हिशेबानेच दिलेले बरे. एन्कोडरच्या ए आणि बी या दोन चॅनलच्या (सिग्नलांच्या) चढत्या-उतरत्या चारही कडा मोजल्या जात असल्याने १०० पल्सचा एन्कोडर एका फेरीत ४०० काउंट देतो. एम८ च्या पिचमध्ये एक काउंट म्हणजे १.२५ भागिले ४००, म्हणजे सुमारे ०.००३ मिमी. १०२४ पल्सचा एन्कोडर घेतला तर ४०९६ काउंट होतात आणि हा आकडा ०.०००३ मिमीवर येतो. कागदावर हे दहापट चांगले दिसते. मात्र लिनक्ससीएनसी झेडचे स्थान सहसा दर मिलिसेकंदाला एकदा ठरवते, आणि ६०० फेऱ्यांवर चालणारे स्पिंडल तेवढ्या वेळात एका फेरीचा शंभरावा भाग, म्हणजेच झेडच्या भाषेत ०.०१२५ मिमी, पुढे गेलेले असते. काउंट अधिक बारीक करण्याला टॅपिंगपुरता फारसा अर्थ उरत नाही, तो यामुळे.

जास्त पल्सचा खरा उपयोग कमी वेगावर होतो, कारण तेथे वेगाचे वाचन अधिक स्थिर येते. दुसऱ्या टोकाला एन्कोडरची स्वतःची मर्यादा असते. ओम्रॉन कंपनीच्या ई६बी२ या एन्कोडर मालिकेची कमाल वारंवारता १०० किलोहर्ट्झ आहे. त्यामुळे १०२४ पल्सचा नग सुमारे ५८५० फेऱ्यांपर्यंत चालतो, तर २००० पल्सचा ३००० फेऱ्यांवरच थांबतो. मिलिंगसाठी स्पिंडल ४००० वर पळवणाऱ्याने २००० पल्सचा एन्कोडर घेतला, तर त्याचे पैसे आणि काउंट दोन्ही वाया जातात. सर्वसाधारण रूपांतरित मशीनला ३६० ते १०२४ ही श्रेणी पुरेशी आहे.

लाइन ड्रायव्हर की ओपन कलेक्टर?

एन्कोडरच्या आउटपुटचे हे दोन प्रकार आहेत. निवड हातात असेल तर लाइन ड्रायव्हर. यात प्रत्येक सिग्नलसोबत त्याचा उलटा सिग्नलही येतो, रिसीव्हर दोघांतला फरक पाहतो आणि दोन्ही तारांवर सारखाच आलेला गोंगाट आपोआप वजा होतो. व्हीएफडी शेजारी असताना ही चैन राहत नाही, गरज होते.

तरीही बाजारात सहज हाती येतो तो बहुधा ओपन कलेक्टर, म्हणजे ई६बी२-सीडब्ल्यूझेड६सी. लाइन ड्रायव्हर असलेल्या नगाचा क्रमांक सीडब्ल्यूझेड१एक्स असा असतो. ओपन कलेक्टर वापरायचाच असेल तर पुल-अप रेझिस्टरकडे (सिग्नल वर खेचून धरणाऱ्या रेझिस्टरकडे) लक्ष द्यावे. पाच मीटर केबलची कपॅसिटन्स ५०० पिकोफॅरडच्या घरात असते, २.२ किलोओहमच्या पुल-अपसोबत सिग्नलला वर चढायला सुमारे एक मायक्रोसेकंद लागतो, १० किलोओहम लावला तर पाच. १०० किलोहर्ट्झवर अर्धा पल्सच पाच मायक्रोसेकंदांचा असतो, त्यामुळे दुसऱ्या स्थितीत सिग्नल वर पोहोचण्याआधीच खाली यायची वेळ होते. आणखी एक खबरदारी : पुल-अप ५ व्होल्टलाच जोडावा. एन्कोडर २४ व्होल्टवर चालतो म्हणून पुल-अपही २४ ला जोडला, तर कार्डाचे इनपुट जळू शकते.

स्वस्त ब्रेकआउट बोर्डांवर पीसी८१७ जातीचे ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पुढे देऊन दोन सर्किट वेगळी ठेवणारे भाग) असतात. लिमिट स्विचसाठी ते उत्तम, एन्कोडरसाठी निरुपयोगी. विलगीकरण हवेच असेल तर ६एन१३७ सारखा वेगवान ऑप्टो लागतो.

एन्कोडर कुठे बसवावा?

सगळ्या कामात विचार करायला लावणारी जागा हीच आहे. मिलिंग मशीनच्या स्पिंडलचे वरचे टोक ड्रॉबारने (टूल होल्डर वर खेचून धरणाऱ्या दांड्याने) अडवलेले असते, त्यामुळे टोकावर चुंबक चिकटवून वरून चिप वाचण्याची लेथवाल्यांची सोपी युक्ती येथे चालत नाही. मग तीन मार्ग उरतात : पोकळ शाफ्टचा मोठा एन्कोडर, स्पिंडलच्या स्लीव्हवर दातेरी पुली चढवून पट्ट्याने शेजारी बसवलेला एन्कोडर, किंवा दातेरी चकती आणि तिच्यासमोर सेन्सर. दुसरा मार्ग सर्वांत व्यवहार्य ठरतो. स्लीव्हवर बसेल अशी पुली टर्नरकडून बोअर करून घ्यावी, तेवढ्याच दातांची दुसरी पुली एन्कोडरच्या ६ मिमी शाफ्टवर लावावी आणि पट्टा फक्त ढिला राहणार नाही इतकाच ताणावा. एन्कोडरची बेअरिंग नाजूक असतात. मोटरचा पट्टा ताणतात तसा तो ताणला, तर ती काही महिन्यांत आवाज करू लागतात.

क्विल (स्पिंडलसह वरखाली सरकणारी नळी) असलेल्या टरेट मशीनवर एक शंका हमखास निघते. तिथे पुली स्प्लाइनच्या स्लीव्हवर असते, स्पिंडल त्या स्प्लाइनमध्ये सरकते आणि दोघांत थोडा खुळखुळा असतो. त्याने आटे बिघडतील का? हिशेब करून पाहावा : पूर्ण एक अंशाची ढिलाई धरली, तरी एम८ च्या पिचवर ती १.२५ भागिले ३६०, म्हणजे ०.००३५ मिमी होते. तिची काळजी सोडून द्यावी.

काळजी करावी ती घसरण्याची. स्पिंडल व्ही-बेल्टवर चालत असताना एन्कोडर मोटरच्या मागे बसवला, तर पट्ट्याची प्रत्येक घसर खोलीसोबत साठत जाते. एक टक्का घसर धरली तरी २० मिमी खोलीला ०.२ मिमीचा फरक पडतो, म्हणजे एन्कोडर लावूनही आपण जवळपास मूळ जागीच राहतो. दातेरी पट्टा असेल तर मोटरच्या बाजूला एन्कोडर चालतो, मात्र पट्टा दुसऱ्या पुलीवर टाकला किंवा बॅक गिअर लावला की दर फेरीचे काउंट बदलतात, हे ऑपरेटरला लक्षात ठेवावे लागते. ऑपरेटरच्या स्मरणशक्तीवर अवलंबून असलेली कोणतीही रचना दुसऱ्या पाळीत कोसळते.

पुलींचे प्रमाण एकास एकच असले पाहिजे का?

मोजणीपुरते नाही, कारण स्केल (एका फेरीचे काउंट) हवे तसे लिहिता येते. इंडेक्सपुरते होय. एन्कोडर स्पिंडलच्या दुप्पट फिरला तर एका फेरीत दोन इंडेक्स येतात आणि कोणता खरा हे कंट्रोलरला कळत नाही. कोऱ्या भोकात एकदाच टॅप उतरवून बाहेर काढायचा असेल तर याने काही बिघडत नाही. त्याच भोकात पुन्हा उतरायचे असेल तर बिघडते.

प्रॉक्सिमिटी सेन्सरने काम भागेल का?

वेग दाखवण्यासाठी भागेल. रिजिड टॅपिंगसाठी (झेडला स्पिंडलशी बांधून केलेल्या टॅपिंगसाठी) एका सेन्सरने भागणार नाही, कारण स्पिंडल कोणत्या दिशेला फिरते आहे हे त्याला कळत नाही आणि तळाशी दिशा बदलणे हाच टॅपिंगचा गाभा आहे. किमान दोन सेन्सर, लगतच्या दोन दात्यांमधल्या अंतराच्या पाव भागाने सरकवून, लावावे लागतात आणि इंडेक्ससाठी तिसरा. साध्या इंडक्टिव्ह सेन्सरची वारंवारता काहीशे ते एकदोन हजार हर्ट्झपर्यंतच जाते, म्हणून यू आकाराचे ऑप्टिकल सेन्सर आणि लेझरने कापलेली खाचांची चकती हे घरगुती पर्यायांत बरे. चकतीला झाकण मात्र हवेच. ॲल्युमिनियमचा एक चकचकीत बुरा सेन्सरमध्ये अडकला की सारी मोजणी बिघडते.

वायरिंग करताना कशाची काळजी घ्यावी?

व्हीएफडीपासून मोटरकडे जाणारी केबल ही कंट्रोल पॅनेलमधली सर्वांत गोंगाटाची वस्तू असते. ती शील्डची असावी, तिचे शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलेले असावे आणि एन्कोडरची केबल तिच्यापासून लांब, स्वतंत्र पाइपमधून न्यावी. दोघींना एकमेकींना ओलांडायचेच असेल तर काटकोनात. एन्कोडरच्या केबलमध्ये ए आणि ए-बार (त्याचा उलटा सिग्नल) एकाच पिळलेल्या जोडीत जाऊ द्यावेत, तसेच बाकीचे. हिचे शील्ड कंट्रोलरच्या टोकाला जोडावे आणि एन्कोडरच्या टोकाला मोकळे सोडावे. लांब केबलवर रिसीव्हरपाशी १२० ओहमचा टर्मिनेशन रेझिस्टर लावावा.

गाळ्यातील अर्थिंगही एकदा तपासून घ्यावे. जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये सॉकेटच्या अर्थ पिनमागे तार असेलच याची खात्री धरता येत नाही, आणि अर्थच नसेल तर शील्डचा सारा खटाटोप व्यर्थ आहे.

लिनक्ससीएनसीमध्ये काय जोडायचे?

हॅल फाइलमध्ये (कोणता सिग्नल कुठे जोडायचा ते लिहिलेल्या फाइलमध्ये) चार गोष्टी लागतात. पहिली, एन्कोडरचे स्केल : स्पिंडलच्या एका फेरीचे काउंट, म्हणजे एकास एक प्रमाणावर १०२४ पल्ससाठी ४०९६, मोटर स्पिंडलच्या दीडपट फिरत असेल आणि एन्कोडर मोटरवर असेल तर ६१४४. दुसरी, एन्कोडरची पोझिशन स्पिंडलच्या रेव्हज या पिनला. तिसरी, एन्कोडरची व्हेलॉसिटी स्पीड-इन या पिनला. ही सेकंदाला फेऱ्या अशा एककात असते, त्यामुळे पडद्यावर मिनिटाचे फेरे दाखवायचे असतील तरच ६० ने गुणावे, स्पीड-इनला जाणाऱ्या सिग्नलला गुणू नये. चौथी, इंडेक्स-एनेबल. हा दुतर्फा सिग्नल आहे : मोशन कंट्रोलर तो चालू करतो, एन्कोडर इंडेक्स दिसताच मोजणी शून्य करून तो बंद करतो, आणि त्याच क्षणी झेड निघतो.

एम३ (स्पिंडल सुलट चालू करण्याची आज्ञा) दिल्यावर मोजणी वाढली पाहिजे. घटत असेल तर स्केलचे चिन्ह उणे करावे किंवा ए आणि बी यांची अदलाबदल करावी. दोन्ही एकदम केल्यास आपण पुन्हा मूळ स्थितीत येतो.

जी३३.१ वर येऊन मशीन नुसते थांबून राहते. काय बिघडले?

बहुधा इंडेक्स येत नाही. त्याची तार सुटलेली असते, इंडेक्स-एनेबल जोडायचे राहिलेले असते किंवा पल्स कार्डाच्या फिल्टरमध्ये गळून जातो. हे सारे ठीक असेल तर ॲट-स्पीड (स्पिंडल ठरलेल्या वेगावर आले असे सांगणारा) हा सिग्नल खरा होतो आहे का ते पाहावे. त्याची सहनसीमा फार अरुंद ठेवली, तर मोटरच्या स्लिपमुळे तो कधीच खरा होत नाही.

टॅप लावण्याआधी खात्री कशी करावी?

तपासणीचा क्रम पाळावा. आधी व्हीएफडीचा वीजपुरवठा तोडून स्पिंडल हाताने दहा फेऱ्या फिरवावे व खुणेवर आणून थांबवावे. पडद्यावर दहाच्या अगदी जवळचा आकडा दिसला पाहिजे. मग उलट दहा फेऱ्या, आणि आकडा शून्यावर. हे जमले म्हणजे यांत्रिकी आणि स्केल बरोबर आहे. त्यानंतर स्पिंडल व्हीएफडीवर चालवून लागोपाठच्या दोन इंडेक्समधील काउंट पाहावेत. ते ४०९६ च असले पाहिजेत. कधी ४०९६, कधी ४१०३ असे येत असेल तर तो गोंगाट आहे आणि तो गेल्याशिवाय पुढे सरकू नये. हाताने फिरवताना बरोबर आणि व्हीएफडीवर चूक, ही जोडी दिसली की एन्कोडर बदलण्याच्या फंदात न पडता केबलकडे वळावे.

तिसरी चाचणी पाहायला मौजेची आहे. टॅप न लावता, व्हीएफडीचा पुरवठा पुन्हा तोडून, ॲट-स्पीड तात्पुरता खरा धरून हवेतच जी३३.१ चालवावे आणि स्पिंडल हाताने फिरवावे. इंडेक्स ओलांडताच झेड हाताबरोबर उतरू लागतो, हात थांबला की थांबतो. ही चाचणी उतरली की मगच ॲल्युमिनियमच्या तुकड्यात, तेल लावून, एम८ किंवा एम१० चा टॅप उतरवावा. सुरुवात एम३ च्या बारीक टॅपने करण्याचा मोह टाळावा.

सांगितलेल्या खोलीपेक्षा टॅप खाली का जातो?

झेड खोलीवर पोहोचतो तेव्हा कंट्रोलर स्पिंडलला उलटे फिरण्याची आज्ञा देतो. स्पिंडल तत्क्षणी थांबत नाही, आणि ते फिरत असेपर्यंत झेडला त्याच्यासोबत उतरत राहावेच लागते. नाही उतरला तर आटे फाटतील. ४०० फेऱ्यांवरून थांबायला अर्धा सेकंद लागत असेल, तर तेवढ्यात सरासरी २०० च्या वेगाने १.६७ फेऱ्या होतात आणि एम८ टॅप सुमारे २.१ मिमी जास्त उतरतो. ८०० फेऱ्या आणि एक सेकंद धरला तर हाच आकडा ८.३ मिमी होतो. वेग दुप्पट आणि खोलीतला फरक चौपट, हे गणित ब्लाइंड होलमध्ये टॅप मोडण्याचे एक प्रमुख कारण आहे.

उपाय दोन. वेग कमी ठेवावा, आणि व्हीएफडीला ब्रेकिंग रेझिस्टर (थांबताना परत येणारी ऊर्जा जिरवणारा) लावून थांबण्याचा काळ घटवावा. रेझिस्टर न लावता फक्त डिसेलरेशनचा काळ कमी केला, तर व्हीएफडी ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो, आणि तेही टॅप भोकात असताना. नेहमीच्या वेगांवर हवेत चाचणी घेऊन झेड प्रत्यक्षात किती खाली जातो ते मोजावे, तो आकडा मशीनवर चिकटवावा आणि प्रोग्राममधली खोली तेवढी कमी लिहावी. सुरुवातही पृष्ठभागाच्या तीनचार पिच वरून करावी, म्हणजे झेडला वेग पकडायला जागा मिळते.

पावसाळ्यात एन्कोडर बिघडतो, हे खरे का?

ई६बी२ चे संरक्षण आयपी५० दर्जाचे आहे, म्हणजे पाण्यापासून त्याला कोणतेही संरक्षण नाही. जून ते सप्टेंबरमधली मुंबईची दमट हवा, खाडीकडून येणारा खारेपणा आणि कूलंटचे तुषार हे तिन्ही त्याच्यापर्यंत पोहोचतात. झाकण बसवावे, केबल एन्कोडरमध्ये खालून वर शिरेल अशी वळवावी आणि कनेक्टर हेडच्या आत ठेवावेत.

सामान मुंबईत कुठे मिळते?

पुली, पट्टे, बेअरिंग नागदेवी स्ट्रीटला. एन्कोडर, कनेक्टर, शील्डची केबल लॅमिंग्टन रोडला. कुर्ल्याच्या भंगारात निघालेला एन्कोडर स्वस्त पडतो, मात्र त्यावरचा क्रमांक वाचता येत असेल तरच घ्यावा. आउटपुटचा प्रकार बाहेरून ओळखू येत नाही.

स्पिंडलला सर्वो मोटर आहे. तरीही वेगळा एन्कोडर हवा का?

बऱ्याच सर्वो ड्राइव्हमधून एन्कोडरचे सिग्नल बाहेर काढता येतात, आणि मोटर दातेरी पट्ट्यावर असेल तर ते पुरतात. इंडेक्स मात्र मोटरचा असतो, स्पिंडलचा नव्हे. प्रमाण एकास एक नसेल तर इंडेक्सपुरता एक स्वतंत्र सेन्सर स्पिंडलवर लावावा.

अर्धवट टॅप झालेल्या भोकात पुन्हा उतरता येते का?

जॉब हललेला नसेल, स्पिंडलच्या एका फेरीला एकच इंडेक्स येत असेल, सुरुवातीचा झेड आणि स्पिंडलचा वेग तोच असेल आणि टॅप होल्डरमधून काढलेला नसेल, तर येते. वेग तोच ठेवायचा, कारण इंडेक्सनंतर झेडला वेग पकडायला लागणारे अंतर वेगाबरोबर बदलते. टॅप एकदा कोलेटमधून काढून पुन्हा लावला की त्याचा कोन बदलतो आणि जुन्या आट्यांशी त्याचा मेळ राहत नाही. अशा वेळी उरलेले आटे हाताने, टॅप हँडल घेऊन पुरे करावेत.